आमच्यात गहू चालत नाही: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एवढीशी चौकट छापली होती की घरात कुणाला गहू बंद असेल आणि त्यावरनं काही अडचण असेल तर लिहा, तर खानापूर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक आणि खुद्द बेळगावातनं एवढे मेसेज आले की मलाच आश्चर्य वाटलं. सगळे छापणं शक्य नाही म्हणून सारखे-सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत. आणि एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझ्या पुतण्याला सिलिॲक आहे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतड्याला इजा होते तो आजार, आम्ही तिघी जावा एकाच स्वयंपाकघरात वावरतो, तेवढ्या अनुभवावर आणि वाचलेल्यावर लिहिते. औषध, टेस्ट, डोस वगैरे तुमच्या डॉक्टरलाच विचारा.

माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सिलिॲक निघालंय. घरात अकरा माणसं, रोज तीस-पस्तीस चपात्या होतात. सासूबाई म्हणतात आमच्या सात पिढ्यांत गव्हानं कुणाला काही झालं नाही, आणि मी नसताना तिला चहात बुडवून बिस्किट देतात. दोन-दोन स्वयंपाक करून मी दमलेय. काय करू? (एक सून, खानापूर तालुका)

ताई, आधी दोन स्वयंपाक बंद करा. आपल्याकडचं जेवण बघा की, भात, आमटी, उसळ, पालेभाजी, ज्वारीची नाहीतर तांदळाची भाकरी, ताक, ठेचा, यात गहू कुठंय? चपाती सोडली तर घरातलं जवळजवळ सगळं मुलगी खाऊ शकते. म्हणजे स्वयंपाक एकच, आणि चपाती ही त्यातली एक वेगळी वस्तू जी तिला द्यायची नाही, असं डोक्यात धरलं की निम्मा ताण जातोय. आमच्याकडं आता सकाळी आधी भाकऱ्या होतात, त्या टोपलीत झाकून बाजूला गेल्या की मगच कणकेचा डबा उघडतो. हा क्रम उलटा झाला की पिठाचा फुफाटा ओट्यावर, चमच्यावर, उघड्या भाजीत सगळीकडं बसतो.

आणि तो फुफाटाच खरा त्रासदायक. हिशोब सांगते. शंभर ग्रॅम कणकेत साधारण आठ-दहा ग्रॅम ग्लूटेन असतं. चिमूटभर कणिक म्हणजे पाव-अर्धा ग्रॅम धरा, त्यात वीस ते पन्नास मिलीग्रॅम आलं, आणि सिलिॲकच्या बहुतेक लोकांना दिवसाला दहा मिलीग्रॅमच्या आतच चालतं असं मानतात. म्हणून 'एवढ्याशानं काय होतंय' हे वाक्य घरातनं हद्दपार करा. लाकडी काठवट, पोळपाट-लाटणं, तवा हे तिचं वेगळं ठेवा, लाकडात पीठ मुरून राहतं ते कितीही घासलं तरी जात नाही. स्टीलचं भांडं मात्र साबणानं नीट धुतलं की झालं, त्यासाठी नवीन संसार मांडायची गरज नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड तळायचे नाहीत. तुपाच्या बरणीत चपातीला लावलेला चमचा परत घालायचा नाही, हे आमच्याकडं पुरुष मंडळींना शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

गिरणीचं तर लिहायलाच पाहिजे. गावातल्या गिरणीत तुमच्या आधी कुणीतरी गहू दळून गेलेला असतो, आणि त्याचं उरलेलं पीठ तुमच्या ज्वारीत येतंय. गिरणवाला ओळखीचा असेल तर सकाळी पहिलं दळण तुमचं घ्यायला सांगतात काही जण, पण रात्रीचं पीठ दगडात असतंच की, त्यामुळं माझा त्याच्यावर भरवसा नाही. जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू आयुष्यात घालू नका. एकदम खर्च झेपत नसेल तर दोन-तीन घरं मिळून घ्या, फक्त तिन्ही घरांनी तो नियम पाळला पाहिजे. ज्वारी दळायच्या आधी ताटात पसरून निवडा, शाळूत गव्हाचे दाणे सापडतात, ते पोत्यातच मिसळलेले असतात.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही, कारण आपल्या भागात जुन्या माणसांचं रोजचं खाणं जोंधळा, नाचणा आणि भात, गहू मुख्यतः सणाला. २०१६ साली भारतातल्या वेगवेगळ्या भागांतली एक मोठी पाहणी छापून आली, त्यात उत्तरेकडं शंभरात एकाहून थोड्या जास्त लोकांना सिलिॲक सापडलं आणि दक्षिणेकडं हजारात एकाला. म्हणजे इकडं ते कमीच आहे, त्यामुळं कुणाच्या डोक्यात येत नाही, पोरगं वाढत नाही, रक्त कमी, पोट फुगलेलं, तर जंताचं औषध आणि टॉनिक देत राहतात. माझ्या सासूबाईंना मी एक गोष्ट सांगितली होती ती तुम्हीही सांगून बघा. नेदरलँड्स देशात डिके नावाचे लहान मुलांचे डॉक्टर होते, त्यांना आधीपासून गव्हावर संशय होताच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं ब्रेड मिळेनासा झाला, लोकांची उपासमार झाली, आणि नेमकी तेव्हाच ही आजारी मुलं सुधारायला लागली. ब्रेड परत आला तशी परत बिघडली. दुष्काळात पोरं सुधारली हे ऐकल्यावर आमच्या सासूबाई गप्प झाल्या, कारण दुष्काळ काय असतो ते त्यांना माहिती आहे.

पण नुसतं सांगून भागत नाही, त्यांच्या हातात काहीतरी द्यायला लागतंय. आजीला नातीला खायला घालायचंच असतं, बिस्किट काढून घेतलं तर त्या जागी काय? नाचण्याची आंबील, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची चिक्की, लाह्या, असा एक डबा सासूबाईंच्याच ताब्यात द्या, त्याच्यावर फक्त त्यांचा हक्क, तुम्हीसुद्धा विचारून घ्यायचं. नाचणी तशीही चांगलीच, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि या मुलांची हाडं मागं पडलेली असतात. पुढच्या वेळी डॉक्टरकडं जाताना त्यांना बरोबर घेऊन जा. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरनं सांगितलेलं यात आपल्या घरांमध्ये किती फरक पडतो हे मी तुम्हाला काय सांगणार.

आणि हो, हिंग! डबीतला बांधणीचा हिंग बऱ्याचदा मैदा नाहीतर कणिक घालून केलेला असतो, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय. तांदळाच्या पिठातला मिळतो तो आणा, नाहीतर हिंग सोडा, लसणाची फोडणी द्या.

आम्ही साध्या गव्हाऐवजी खपली सुरू केलाय. खपलीत ग्लूटेन नसतं असं दुकानदार म्हणाला. मुलाला चालेल ना? (निपाणी)

नाही चालणार. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन असतं. बन्सी, लोकवन, शरबती, खपली, नाव काहीही असू दे, सिलिॲकवाल्याला सगळे बंद. खपली आपल्याच भागात पिकतो म्हणून आपल्याला त्याचं कौतुक, शुगरवाल्यांना काही डॉक्टर सांगतातही, तो विषय वेगळा. दुकानदारानं सांगितलं म्हणून मुलाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, घालू नका. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया ही सगळी गव्हाचीच पोरं. उन्हाळ्यात वाळवण घालताना कुरडईचा चीक आणि तांदळाच्या पापड्या एकाच गच्चीवर शेजारी-शेजारी असतात, तिथं त्याच्या पापड्या वेगळ्या कापडावर आणि आदल्या दिवशी घाला. जव म्हणजे बार्लीही बंद, म्हणून माल्ट लिहिलेल्या दुधाच्या पावडरींचे डबे बघून घ्या. नाचणीचा माल्ट मात्र नुसत्या नाचणीचा असेल तर चालतो, घरी मोड आणून केलेला तर बेस्टच.

मला वर्षभर पोटाचा त्रास. मैत्रीण म्हणाली गहू सोड, सोडला, दोन महिन्यांत बरं वाटलं. मग सिलिॲकची रक्ताची टेस्ट केली तर निगेटिव्ह. म्हणजे मला काही नाही ना? (बेळगाव शहर)

असं म्हणता येत नाही, आणि हा घोळ फार जणांचा होतो म्हणून जरा सविस्तर. ती टेस्ट, जिला टीटीजी म्हणतात, ती शरीरात गव्हाविरुद्ध जे उठाव होतात त्यातनं तयार होणाऱ्या अँटीबॉडी मोजते. गहू बंद केला की त्या हळूहळू कमी होत जातात, मग टेस्टमध्ये काही दिसत नाही. एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासतात त्याचंही तसंच, आतडं भरून आलं की काय दिसणार. म्हणून आधी टेस्ट, मग गहू बंद. आता तुम्ही गॅस्ट्रोच्या डॉक्टरला खरं सांगा की दोन महिने बंद होता. ते कदाचित ठरावीक दिवस परत गहू खायला लावून टेस्ट करतील, कदाचित जीन्सची टेस्ट सांगतील. ती जीन्सची निगेटिव्ह आली तर सिलिॲक असण्याची शक्यता जवळजवळ संपते, पण पॉझिटिव्ह आली म्हणून आजार आहे असं होत नाही, कारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोकांत ते जीन्स असतात आणि बहुतेकांना काही होत नाही. तोवर स्वतःच्या मनानं काही ठरवू नका. काही जणांना सिलिॲक नसतं पण गव्हानं त्रास होतो, असंही असतंय. पण जन्मभराचं पथ्य आहे का थोडं कमी करून भागणार आहे, हे कळायला नको का?

माझी मुलगी २५ वर्षांची, नोकरी करते, सिलिॲक आहे, पथ्यावर एकदम ठणठणीत. स्थळं येतायत. नातेवाईक म्हणतात लग्न होईपर्यंत सांगू नका, नंतर सांभाळून घेतील. (एक आई, चिक्कोडी)

मावशी, सांगा. पहिल्या भेटीत नको वाटलं तर दुसऱ्या भेटीत, पण सुपारी फुटायच्या आत. न सांगता लग्न झालं तर पहिल्या दिवसापासनं ती पोरगी चोरून जेवणार, नव्या नवरीला जो तो घास भरवणार, पाया पडायला गेली की हातावर शिरा, लाडू, करंजी. नाही म्हणाली तर माजोरी, खाल्लं तर आजारी. हे तिच्या वाट्याला कशाला?

आणि सांगायचं ते रडक्या तोंडानं नको. 'आमची मुलगी गहू खात नाही, भाकरी खाते, बाकी सगळं चालतं, औषध कसलं नाही' एवढं पुरे. समोरच्यांनी मुलांबद्दल विचारलं तर खरं सांगा, आई-बापाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास धरतात, म्हणजे दहातल्या नवांना नाही, आणि झालंच तर उपाय ताटातच आहे. पथ्य नीट पाळणाऱ्या बाईला मूल व्हायला त्यामुळं अडचण येत नाही, अडचण येते ती आजार न कळता राहिला तर. एवढं ऐकून जे घर मागं सरकतं ते भाकरीसाठी मागं सरकलं असं समजा, बरं झालं आधीच कळलं. तुमची स्वतःची आणि तिच्या भावा-बहिणीची टेस्ट झाली आहे का? नसेल तर करून घ्या, सख्ख्या नात्यात ती करायला सांगतातच.

सणवार, सत्यनारायण, जत्रा. दरवेळी आम्ही कोपऱ्यात बसतो. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? (हुक्केरी, खानापूर आणि बेळगाव ग्रामीणमधनं मिळून आलेला प्रश्न)

सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, तो नको. पंचामृत घ्या, फळ घ्या, तीर्थ घ्या, तोही प्रसादच. तुमच्याच घरची पूजा असेल तर सरळ तांदळाच्या रव्याचा शिरा करा, तूप-साखर-केळं सढळ घातलं की लोक विचारतात काय घातलंय म्हणून. एका भटजींनी आमच्याकडं नाक मुरडलं होतं, मग दोनदा मागून खाल्ला.

सणांचं म्हणाल तर आपलं नशीब चांगलं. नागपंचमीला लाह्या, शेंगांचे लाडू, तिळाचे लाडू, यात गहू नाही, फक्त रव्याचे लाडू वेगळ्या डब्यात. गणपतीला उकडीचे मोदक तांदळाचे, कणकेचे तळलेले करत असाल तर यंदा उकडीचे करा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. अडतं ते पोळीपाशी. होळीला पुरणपोळी, संक्रांतीला शेंगाची पोळी, आणि पोळी नाही तर सण कसला असं आपल्याकडं आहेच. तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यात पुरण भरून जाडसर थापता येते, केळीच्या पानावर थापा म्हणजे उचलताना तुटत नाही. गव्हाच्या पोळीसारखी लुसलुशीत होत नाही, खोटं कशाला सांगू. माझा पुतण्या पुरण वाटीत घेऊन वर तूप घालून चमच्यानं खातो आणि पोळीकडं बघतही नाही, कटाची आमटी-भात दाबून हाणतो. त्याच्या आईला वाईट वाटतं, त्याला नाही.

गावच्या लक्ष्मी यात्रेत मटणाचं जेवण असतं, तिथं रस्सा विचारून घ्या, कधी कधी दाटपणाला काहीतरी पीठ लावलेलं असतं. वड्यांच्या पिठात कुणी गहू घालतात, कुणी नाही, करणाऱ्या बाईलाच विचारा. सगळ्यात सोपं म्हणजे आपल्या भाकऱ्या फडक्यात बांधून न्यायच्या. आमच्याकडं सुरुवातीला पाहुणे म्हणायचे, आमच्या घरचं चालत नाही वाटतं? आता तेच फोन करून विचारतात, किती भाकऱ्या टाकू. पण तेवढ्याला दोन-तीन वर्षं जातात हे धरून चाला. आग्रह करणाऱ्याला लांबलचक आजार समजावून सांगत बसू नका, पंगतीत कुणी ऐकत नाही. 'डॉक्टरनं जन्मभर बंद सांगितलाय' एवढंच म्हणा आणि ताटावर हात आडवा धरा.

चार महिने झाले, गहू पूर्ण बंद, तरी पोट अधनंमधनं बिघडतंच. बायको म्हणते तुम्ही बाहेर खाता. मी नाही खात! (गोकाक)

दादा, बाहेर खात नसाल तर काय आत येतंय ते शोधा. हिंग, गिरण हे वर लिहिलंच. पापडातही हिंग असतो. डंकावर कुटून आणलेल्या चटणीत कुठला हिंग घातला होता? चायनीज गाडीवरच्या गोबीत मैदा असतोच, पण घरी आणलेल्या सोया सॉसमध्येही बहुतेक वेळा गहू असतो. बिअर जवाची असते, बायकोला तुम्ही सांगितलं नसेल तर मला विचारलं नाही असं समजते. ओट्स डाएटवाले म्हणून खाता का? ओट्स गव्हाच्याच यंत्रावरनं जातात, आणि काहींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, सुरुवातीला बंदच ठेवा. रोजची गोळी चालू असेल तर केमिस्टला विचारा. हे सगळं साफ असेल तरी आतडं भरून यायला मोठ्या माणसांत वर्ष-दोन वर्षंही लागतात, मध्यंतरी दूधही पचत नाही काहींना. टीटीजी परत तपासून घ्या, ती उतरत असेल तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात आणि बायकोला रिपोर्टच दाखवा.

ग्लूटेन फ्री लिहिलेली पिठं, बिस्किटं ऑनलाइन मागवतो, महिन्याचा खर्च झेपत नाही. (बेळगाव)

मग मागवू नका. पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहायचं तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणं किलोमागं वीस मिलीग्रॅमच्या आत ग्लूटेन पाहिजे, म्हणून प्रवासाला, मुलाच्या वाढदिवसाला एखादं पाकीट ठीक. रोजच्याला ज्वारी, तांदूळ, नाचणी, बाजरी, वरी, राजगिरा. त्या महागड्या पिठांत बऱ्याचदा मैद्याऐवजी नुसता स्टार्च असतो, वरनं साखर. कोंड्यासकट ज्वारीची भाकरी त्याच्या दसपट बरी.

हॉटेलात काय खावं? आणि पाहुण्यांना बेळगावचं म्हणून काय द्यावं जे आमच्या मुलालाही खाता येईल? (वडगाव, बेळगाव)

इडली तांदूळ-उडदाची असेल तर चालेल, रवा इडली नको. डोशाला काही ठिकाणी मैदा नाहीतर रवा लावतात, विचारा. उप्पीट नको. सांबारात हिंग, तो धोका राहतोच, म्हणून आम्ही नारळाची चटणी, तीही वरची फोडणी न घातलेली घेतो. कानडी वेटर असेल तर 'गोधी, मैदा, रव्वा एनू हाकब्याड्री' (गहू, मैदा, रवा काही घालू नका) म्हणायचं, समजतंय त्याला, आणि दोनदा म्हणायचं. मिरची भजीच्या कढईत आणखी काय काय तळलं जातं ते डोळ्यांनी बघा, मग ठरवा.

द्यायला कुंदा आहे की, दूध-खवा-साखरेचा. गोकाकचा करदंट डिंक-गूळ-सुकामेव्याचा. दोन्हींत बनवणाऱ्यानं दुसरं काही घातलंय का तेवढं काउंटरवर विचारायचं, आणि सुटा न घेता बंद डब्यातला घ्यायचा, कारण सुट्यात तोच चमचा बालुशाहीच्या ट्रेमध्येही जातो. मांडे मात्र नाही, ते गव्हाचे.